विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्र विभाग : अध्यापन आणि संशोधन

औषधाची बाटली हाती घेणारा रुग्ण तिच्यावरील लेबलावर विश्वास ठेवतो. आतील द्रव शुद्ध आहे की नाही, त्यातील घटकांचे प्रमाण योग्य आहे की नाही, हे तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. डॉक्टर औषध लिहून देतो, परंतु तोही ते पारखून पाहत नाही. तेव्हा कारखान्यापासून रुग्णशय्येपर्यंतच्या या साखळीत असा कोणीतरी असावा लागतो की, ज्याला लेबल आणि पदार्थ या दोहोंत अंतर असू शकते हे शिकविले गेले आहे आणि ते अंतर मोजण्याची विद्या ज्याला अवगत आहे. असा माणूस घडविणे हे विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्र विभागाचे पहिले काम होय. जे अंतर मोजण्याची रीत अद्याप कोणालाच ठाऊक नाही ती शोधून काढणे हे त्याचे दुसरे काम. पहिल्याला अध्यापन म्हणतात, दुसऱ्याला संशोधन. ही दोन कामे एकमेकांपासून तोडता का येत नाहीत, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

विभागाच्या चार शाखा

औषधनिर्माणशास्त्राच्या विभागात सामान्यतः चार शाखांचे अध्यापक असतात. औषधी रसायनशास्त्राचा अध्यापक औषधद्रव्याची रचना, त्याची निर्मिती आणि त्याचे विश्लेषण शिकवितो. औषधकल्पशास्त्राचा, म्हणजे फार्मास्यूटिक्सचा अध्यापक त्या द्रव्यापासून गोळी, मलम, सरबत किंवा अंतःक्षेपणाचे द्रावण कसे तयार करावे आणि ते टिकावे कसे, याचा विचार करतो. वनौषधिविज्ञानाचा अध्यापक मुळे, साली, पाने यांची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटवून देतो, कारण वाळलेली आणि कुटलेली वनस्पती डोळ्यांनी ओळखणे जाणकारालाही कठीण जाते. औषधिक्रियाविज्ञानाचा अध्यापक त्या द्रव्याचा शरीरावर काय परिणाम होतो, किती मात्रेत ते औषध असते आणि किती मात्रेत विष ठरते, हे दाखवितो.

या चौघांचे विषय वेगळे असले, तरी त्यांच्यापुढील बाटली एकच असते. एकाने केलेली चूक दुसऱ्याच्या शास्त्रात उघडकीस येते. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत १९३७ साली घडले.

एका द्रावकाची कथा

सल्फॅनिलॅमाइड हे जंतुसंसर्गावरील औषध त्या काळी गोळ्यांच्या रूपात उपयोगात होते. मुलांना गोळी गिळणे जड जाते, म्हणून एका कंपनीने त्याचे सरबत करावयाचे ठरविले. अडचण अशी होती की, हे द्रव्य पाण्यात किंवा मद्यार्कात पुरेसे विरघळत नाही. कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल या दाट व गोडसर द्रवात विरघळविले. त्या सरबतात सुमारे ७२ टक्के भाग या द्रावकाचाच होता. रंग, वास आणि चव तपासली गेली. विषारीपणा मात्र तपासला गेला नाही, कारण तत्कालीन कायद्यात तशी सक्तीच नव्हती. काही आठवड्यांतच शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत अनेक मुले होती.

दोष सल्फॅनिलॅमाइडचा की द्रावकाचा, हा प्रश्न लगेच पुढे आला. शिकागो विद्यापीठात औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेले यूजीन गायलिंग यांनी आपल्या विभागात त्याचे उत्तर शोधले. प्रयोगातील प्राण्यांच्या वेगवेगळ्या गटांना संपूर्ण सरबत, केवळ औषधद्रव्य आणि केवळ द्रावक देण्यात आले. केवळ द्रावक दिलेले प्राणीही सरबत दिलेल्या प्राण्यांप्रमाणेच मूत्रपिंडे निकामी होऊन मेले, आणि अपराधी कोण ते ठरले. कारण म्हणून ज्याचा संशय आहे ते प्रत्येक द्रव्य सुटे करून पाहणे, ही रीत साधी आहे, परंतु सरबत बाजारात पाठविण्यापूर्वी ती कोणी वापरली नव्हती. त्या वेळी कंपनीला दोषी धरावयास कायद्यात एकच आधार सापडला. ‘एलिक्झिर’ या नावाच्या औषधात मद्यार्क असावयास हवा होता आणि यात तो नव्हता. म्हणजे माणसे मेली म्हणून नव्हे, तर नाव चुकले म्हणून माल जप्त झाला! १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा झाला, आणि विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता दाखविणे आवश्यक ठरले.

गायलिंग यांच्या या कामात फ्रान्सिस ऑल्डम नावाची एक विद्यार्थिनी साहाय्य करीत होती. विवाहानंतर त्या फ्रान्सिस केल्सी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९६० साली त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज त्यांच्यापुढे आला. सादर केलेला पुरावा अपुरा आहे असे सांगून त्यांनी कंपनीचा तगादा असतानाही परवानगी रोखून धरली. हे औषध जेथे सर्रास विकले गेले, त्या देशांत हातापायांची वाढ खुंटलेली हजारो बालके जन्मास आली. अमेरिका या आपत्तीतून बव्हंशी वाचली. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला लागलेली सवय तेवीस वर्षांनी एका कार्यालयातील टेबलावर उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतातील प्रारंभ

भारतात औषधनिर्माणाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू होण्यापूर्वी दवाखान्यातील औषधे कंपाउंडर तयार करीत. त्यांचे शिक्षण बहुतांशी हाताखाली काम करूनच होई. बाजारात हलक्या व भेसळयुक्त औषधांचा सुळसुळाट होता. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा हे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. समितीने १९३१ साली अहवाल दिला. औषधांवर कायद्याचे नियंत्रण, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित औषधनिर्माते या तिन्ही गोष्टींची निकड तिने दाखविली.

कायदा होण्यास १९४० साल उजाडावे लागले. प्रशिक्षणाचे काम मात्र एका अध्यापकाने त्याआधीच हाती घेतले. प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पाठिंब्याने १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले, आणि १९३७ साली तेथे बी. फार्म. या पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९३९ साली त्यांनी या विषयाला वाहिलेले संशोधनपत्रही काढले. ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ या नावाने निघालेले ते नियतकालिक पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मास्यूटिकल सायन्सेस’ म्हणून चालू राहिले. पदवीपाठोपाठ संशोधनपत्र निघाले, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जे शिकवावयाचे ते आपल्या देशातील वनस्पती, हवामान आणि रोग यांच्या संदर्भात पुन्हा तपासून घ्यावे लागेल, ही जाणीव त्यामागे होती. परदेशी ग्रंथातील मलम मुंबईच्या दमट हवेत तसेच टिकेल, याची खात्री कोणी द्यावी?

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविज्ञान विभाग १९३३ साली स्थापन झाला होता. तेथे पुढे औषधनिर्माणाच्या शिक्षणाची सोय झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठातही या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९४७ साली अहमदाबादेत आणि १९५७ साली मुंबईत फार्मसीची महाविद्यालये निघाली. दरम्यान १९४८ साली फार्मसी कायदा संमत झाला आणि १९५५ साली भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. शुद्धतेच्या कसोट्या आता देशाच्या स्वतःच्या ग्रंथात छापलेल्या होत्या.

मुंबईतील धडा

परंतु ग्रंथात कसोटी छापलेली असणे आणि ती प्रत्यक्ष लावली जाणे यांत अंतर असते. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. मेंदूवरील अथवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन देण्याची पद्धत होती. या रुग्णांना दिलेल्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने उत्पादनापासून रुग्णालयातील खरेदीपर्यंत आणि औषध प्रशासनापर्यंतचे दोष उघड केले. अमेरिकेतील घटनेला जवळजवळ पन्नास वर्षे उलटली होती आणि विष तेच होते.

हे दोन द्रव ओळखणे इतके कठीण का? दोन्ही रंगहीन, दाट आणि गोडसर असतात. ग्लिसरिनाची घनता सुमारे १.२६ तर डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२ असते. म्हणजे शुद्ध स्वरूपात त्यांना वेगळे काढणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. परंतु भेसळ करणारा शुद्ध विष विकत नाही. थोडे मिसळले तर घनता थोडीशीच उतरते, आणि ग्लिसरिनात जरासे पाणी असले तरीही ती तेवढीच उतरते. म्हणून एका मोजमापावर निर्णय देता येत नाही. दोन्ही द्रव्ये एकमेकांपासून प्रत्यक्ष विलग करणारी क्रोमॅटोग्राफीची पद्धत वापरावी लागते. ग्लिसरिनात या विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक नसावे, अशी मर्यादा आता मान्य झालेली आहे.

तरीही हा धडा संपलेला नाही. २०२२ साली गांबिया या आफ्रिकी देशात सुमारे ७० बालकांचे मृत्यू भारतात तयार झालेल्या दूषित सरबतांशी जोडले गेले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या सरबतामुळे वीसहून अधिक बालके दगावली, आणि त्या सरबतातही डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. ज्ञान उपलब्ध होते. ते बाटलीपर्यंत पोहोचले नाही.

प्रयोगवहीतील आकडा

हे ज्ञान वाटेत कोठे अडते, याचा विचार करू लागले की दृष्टी पुन्हा विद्यापीठातील प्रयोगशाळेकडे वळते. पदवीच्या वर्गात विद्यार्थी ब्यूरेट घेऊन अनुमापन करतो. येणारे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. गेल्या वर्षीची वही वसतिगृहात मिळते. अशा वेळी उत्तर आधी लिहून आकडे मागाहून बसविण्याचा मोह होतो. अध्यापकाने केवळ ‘बरोबर’ उत्तराला गुण दिले, तर तो नकळत याच कलेचे शिक्षण देत असतो. आणि हाच विद्यार्थी उद्या कारखान्याच्या तपासणी विभागात बसतो. पिंप आलेले आहे, माल आजच निघावयाचा आहे, कसोटी मात्र अजून व्हावयाची आहे. त्या क्षणी त्याला आठवणारी सवय वहीतलीच असते.

म्हणून जाणता अध्यापक चुकलेला पण खरा आकडा स्वीकारतो आणि तो का चुकला हे विद्यार्थ्याकडून शोधून घेतो. अज्ञात नमुना प्रत्येकाला वेगळा देतो. जो स्वतः संशोधन करतो त्याला हे सहज जमते, कारण ज्याचे उत्तर कोणत्याच वहीत नाही असा प्रश्न त्याच्या रोजच्या परिचयाचा असतो. संशोधन हे अध्यापकाच्या बढतीचे साधन तर आहेच, पण त्याच्या अध्यापनाचा प्रामाणिकपणा त्यातूनच टिकून राहतो, हे अनेकदा विसरले जाते.

बेळ्ळंदूरचा फेस

या शास्त्राचा उपयोग बाटलीपुरता मर्यादित नाही, हे बंगळूर शहराच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूर येथे दिसून येते. या परिसरात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, आणि येथेच शहरातील सर्वांत मोठा तलाव आहे. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात येत राहिले. पावसाळ्यात पांढऱ्या फेसाचे ढीग उसळून रस्त्यावर येऊ लागले. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी तर तलावावर आगीही लागल्या.

फेस का होतो? औषधकल्पशास्त्राचा अध्यापक तेल आणि पाणी यांचे पायस शिकविताना ज्या द्रव्यांची ओळख करून देतो, त्यांना पृष्ठक्रियाशील द्रव्ये म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळते. मलमात हीच द्रव्ये तेलाचे थेंब धरून ठेवतात. कपड्याच्या साबणचुऱ्यातून सांडपाण्यात आली की हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या फेसाचा पाठपुरावा केला. ही द्रव्ये गाळाच्या कणांना चिकटून तळाशी साचतात आणि पावसाचे लोट आले की ढवळून वर येतात, असे त्यांना आढळले. पाऊस पाणी पातळ करतो, म्हणून फेस कमी व्हावा, हा तर्क येथे चुकतो. तळाशी काय साठले आहे ते पाहिल्याविना वरचे उत्तर मिळत नाही.

बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळून तमिळनाडूकडे जाते. शहराने सोडलेले पाणी पुढच्या गावांच्या शेतांत पोहोचते. औषधाच्या बाबतीतही असेच घडते. जे.जे. रुग्णालयातील ग्लिसरीन, गांबियातील सरबत आणि या तलावातील साबण ही तिन्ही द्रव्ये ज्यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांना ती तपासण्याचा मार्ग नव्हता. तपासणी आधी कोणीतरी करावयास हवी होती. ती करू शकणारी माणसे वर्षातून एकदा नव्हे, तर रोजच्या तासाला, एकेका वहीतून तयार करावी लागतात. विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापकाकडे समाजाने सोपविलेले काम ते हेच होय.