ब्रिजपाशी कोणता स्पंज?

प्रश्न : बास गिटारचा स्वर फार घुमत राहतो. जुन्या मोटाउन गाण्यांसारखा आखूड, गोल ठोका हवा आहे. ब्रिजपाशी तारांखाली काय ठेवावे?

उत्तर : आधी मऊ स्पंज वापरून पाहा. १९६०च्या दशकात फेंडरच्या बासवर ब्रिजच्या धातूच्या झाकणाखालीच फोम असे. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनच्या त्या ठोक्यात त्याचा आणि जुन्या फ्लॅटवाउंड तारांचा मोठा वाटा आहे. मऊ फोम तारेतले वरचे, चमकदार स्वरांश आधी शोषतो आणि मूळ स्वर शिल्लक ठेवतो. रबर किंवा घट्ट फोम मूळ स्वरही गिळतो, म्हणून मी ते टाळते.

भांडी घासायचा नवा स्पंज चालेल, मात्र हिरवा खरखरीत थर कापून टाका. तुकडा तारेला जेमतेम टेकेल इतकाच उंच हवा. तार वर ढकलली गेली, तर सूर चढतो. ब्रिजला अगदी खेटून बसवा; पुढे सरकवाल तसा स्वर आणखी लवकर विझेल. बारीक जी तार आधी गुदमरते, तिच्याखाली थोडा कमी ठेवा.

पिकने वाजवत असाल, तर बासवादक कॅरोल के यांच्यासारखी फेल्टची पट्टी तारांवर ठेवून पाहा, फार सुरेख लागते.

जुना फोम कुजून चिकट होतो आणि पॉलिश खराब करतो. वेळीच बदला.