अक्रोडाचा हट्ट सोड

पालम, जि. परभणी

चि. अक्षय,

नव्या घराच्या अंगणात काळा अक्रोड लावायचा, रोपं ऑनलाइन मागवतो, असं तू वहिनींना सांगितलंस म्हणे. मागवण्याआधी एवढं वाच.

हे झाड पूर्व अमेरिकेतलं. लांबलचक, कडक हिवाळा मिळाल्याशिवाय ते धड फुटत नाही, फळत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी अंगात स्वेटर राहत नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. काश्मीरचा अक्रोडही इथं येत नाही, तो याचमुळं.

समजा, जगलं. त्याच्या मुळांतून, पानांतून आणि फळाच्या हिरव्या सालीतून जुग्लोन नावाचं द्रव्य मातीत उतरतं. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा उभ्या उभ्या कोमेजतात. मोठ्या झाडाची ही बाधा ५०-६० फुटांपर्यंत पोचते. म्हणजे वहिनींचे सगळे वाफे गेले!

सावली हवी आणि नातवंडांसाठी काही ठेवायचंय, तर चिंच लाव. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘प्रतिष्ठान’ वाण आहे. चिंचोक्याचं झाड आठ-दहा वर्षं वाट पाहायला लावतं, कलम चार-पाच वर्षांत धरतं. तेव्हा खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमच घे.

जागा मात्र विचारानं निवड. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला लागून मोठं झाड असलं की मुळं पाणी ओढतात, भेगा वाढतात आणि जोतं तडकतं. म्हणून घराच्या पश्चिमेला, निदान ३० फूट सोडून लाव. दुपारचं ऊन अडेल, पूर्वेच्या वाफ्यांना सकाळचं ऊनही मिळेल.

मे महिन्यात ३ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्यायचा. मग मुरूम, माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरायचा. मृगाचा चांगला पाऊस झाला की लावणी. कलमाचा जोड मातीच्या वर ठेव. जोडाखालचे फुटवे दिसतील तसे खुडत जा, नाहीतर कलम मागं पडून खुंटच माजतो. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच.

अक्रोड खायचे तर बाजारातून आणू. खड्डा मी घेऊन ठेवतो. लावायला तू स्वतः ये, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते ठरवूनच पुण्याला परत जा.

तुझा,
काका