आजोबांची रंगपेटी

सोनिवलीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची रंगपेटी सापडली. सोबत उल्हास नदीकाठच्या भातशेतांचे एक अपुरे तैलचित्र होते. आजोबा गेले आणि एकच शेत हिरवे होऊन राहिले!

एक जुनी नळी दाबताच आतून मऊ निळा रंग आला. मला नवल वाटले. आई म्हणाली, “हा रंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. ते तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. मिटलेल्या नळीत हवा शिरली नाही, म्हणून रंग ओला राहिला.” अशी धातूची नळी जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली शोधून काढली.

जुन्या पांढऱ्या रंगात विषारी शिसे असू शकते. म्हणून ती नळी आईने दूर ठेवली.

हिरव्या नळीचे टोपण सैल होते. तो रंग दगड झाला होता. मग मी निळ्यात पिवळा मिसळला. जांभळट निळ्याने हिरवा मळकट झाला, तर हिरवट निळ्याने फारच भडक. त्यात किंचित तांबडा घालताच तो निवला आणि आजोबांच्या शेताशी जुळला.

उरलेली शेते मी रंगवली. आता कोणते शेत कोणाचे, हे आईलाही ओळखता येत नाही.