धरणाच्या पोटातले नळ

धरण म्हटले की आपण भिंत बघतो, साठा बघतो. पोटातले नळ कोण बघतो?

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण आहे. १९६३ पासून त्यात पाणी साठू लागले. त्याच्या खालच्या अंगाला आठ फूट व्यासाचे चार पोलादी नळ आहेत. साठा वीजघराच्या तोंडाखाली उतरला, तर खालच्या शेतीला पाणी सोडायला एवढीच वाट उरते.

एप्रिल २०२३ मध्ये साठा कमी असताना या नळांतून मोठा विसर्ग सोडला. नंतरच्या तपासणीत नळांना आतून इजा झालेली आढळली. हा नुसता गंज नव्हे. वरून दाब कमी आणि पाण्याला वेग जास्त, अशा वेळी पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते फटाफट मिटतात आणि प्रत्येक वेळी पोलादाला छिन्नीसारखा घाव बसतो. अस्तर उडाले की मग गंजाला रान मोकळे!

दुरुस्ती म्हणजे काय, तर नळ कोरडा करायचा, जुने डांबरी अस्तर पार पोलादापर्यंत खरवडायचे, खड्डे भरायचे आणि नवा लेप द्यायचा. २०२४ मध्ये या कामासाठी सुमारे ९० लाख डॉलर ठरले. तरी साठा कमीच राहिला, तर बुडबुडे पुन्हा आहेतच.

आपल्या उपसा पंपाचंही हेच दुखणं. मे महिन्यात नदी खाली जाते, ओढ वाढते आणि पंपातून खडे गेल्यासारखा आवाज येतो. पुष्कळ जण वाळू आली म्हणून गप्प बसतात. पंप उघडून पंखा बघा, चाळण झालेली असते. त्या दिवसांत पंप पाण्याजवळ खाली घ्यावा, फूटव्हॉल्व्हची जाळी साफ ठेवावी.