भिरभिऱ्याचे त्रिकोण कापताना

चि. मुक्ता,


गोधडीसाठी शिवलेल्या भिरभिऱ्याच्या चौकोनाचा फोटो पाहिला. रंग सुरेख निवडलेस. गर्द निळ्याशेजारी ती पिवळसर छीट उठून दिसते. ६ इंचांचा व्हायचा चौकोन सव्वापाचावर आला आणि मधोमध फुगला, म्हणून तू शिवणीला दोष देते आहेस. तुझी शिवण सरळ आहे. बिघडलंय ते कापताना, आणि तेही दोन वेगळ्या कारणांनी.

पहिलं कारण हिशेबाचं. तयार त्रिकोणाची बाजू ३ इंच हवी, म्हणून दोन्हीकडच्या शिवणीची पाव-पाव इंच माया धरून तू साडेतीन इंचांचे चौकोन कापलेस आणि कर्णावर छेद दिलास. चौकोनाला हे गणित पुरतं. त्रिकोणाला तिसरी बाजू असते. तिथेही पाव इंच माया जाते, आणि ती बाजू तिरकी असल्यामुळे टोकाला जास्त खाते. सगळं मिळून काटकोनाच्या बाजूत साधारण ०.८५ इंचाची भर लागते. म्हणून मोजणाऱ्यांनी सोयीचा आकडा ठरवला तो सात सुतांचा. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, हे तुला ठाऊक आहेच. ३ इंचांच्या त्रिकोणासाठी ३ इंच ७ सुतांचा चौकोन कापायचा, मग कर्णावर छेद. तू अर्धाच इंच वाढवलास, म्हणून अख्ख्या चौकोनात जवळपास पाऊण इंच कमी पडला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आकडा पाठ करता येतो, कापडाचा स्वभाव मात्र हातालाच कळावा लागतो. उरलेल्या कापडाचा वीतभर चौकोनी तुकडा घे. काठाला समांतर धरून ओढ. जवळजवळ हलत नाही. आडवा ओढ, किंचित देतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरून ओढ. तुकडा लांबतो, मध्ये निमुळता होतो, आणि सोडल्यावर पहिल्यासारखा सपाट बसत नाही. तिथे धागा ताणला जात नाही. उभे आणि आडवे धागे एकमेकांवर सरकतात आणि विणीतल्या बारीक चौकटी तिरप्या होतात. ब्लाउजच्या गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावतात ती याच गुणासाठी, कारण तिला वळणावर बसायचं असतं. तुला मात्र कड सरळ हवी आहे.

तेव्हा कात्री लावण्याआधी प्रत्येक त्रिकोणाची उरेब कड कुठे जाणार ते बघ. सरळ धाग्यावर चौकोन कापून कर्णावर छेद दिलास, की लांब बाजू उरेब येते आणि दोन्ही आखूड बाजू धाग्यावर राहतात. भिरभिऱ्यात लांब बाजू आतल्या शिवणीत जाते आणि चौकोनाच्या चारही बाहेरच्या कडा धाग्यावर येतात. हवं ते हेच. कापड वाचवायला साचा वाकडातिकडा ठेवून त्रिकोण काढलास, तर उरेब कडा बाहेर येतील आणि शेजारचा चौकोन जोडताना सगळं ओढलं जाईल. दोन चौकोन चारही कडांनी शिवून मग दोन्ही कर्णांवर कापायची एक युक्ती तुला कुणीतरी दाखवेल. चार तुकडे झटपट निघतात, पण सगळ्यांच्या बाहेरच्या कडा उरेब. त्या वाटेला जाऊ नकोस.

माझं ऐकशील तर सुटे त्रिकोण कापूच नकोस. एक निळा आणि एक पिवळा, असे ४ इंचांचे चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेव. फिकट कापडाच्या उलट बाजूवर कर्ण आख. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंच अंतरावर शिवण घाल आणि मग रेघेवर काप. उरेब कड सुटी होण्याआधीच शिवलेली असते, त्यामुळे ताणायला ती हाती लागतच नाही. एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन निघतात, आणि एका भिरभिऱ्याला असे चार लागतात, म्हणजे दोन जोड्या. उघडून इस्त्री केलीस की ते साडेतीनपेक्षा जरा मोठे भरतील. पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवून बरोबर साडेतीन इंचांवर छाट. थोडं कापड वाया जातं, ते जाऊ दे.

इस्त्री ठेवायची आणि उचलायची, ढकलायची नाही. तुझ्या मधल्या फुगवट्यात बहुतेक इस्त्रीचाही हात आहे. कापड आधी धुऊन घे, म्हणजे आटायचं ते आटेल आणि निळा रंग सुटतो का तेही कळेल. मग कापण्याआधी हलकी खळ दे.

रोटरी कटर नाही म्हणून अडून बसू नकोस. ते हत्यार १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने आणलं; त्याआधी साचा आणि कात्रीवरच काम चालायचं. पुठ्ठ्याच्या साच्याच्या कडा मात्र झिजतात, म्हणून दर थोड्या वेळाने पट्टीशी ताडून बघ, आणि मागे पॉलिश पेपर चिकटव, म्हणजे कापडावर सरकणार नाही.

आपल्या आजीच्या गोधडीत असं काही मोजलेलं नसायचं, हे तुझं म्हणणं खरं आहे. ती जुन्या लुगड्यांचे थर घालून, वर तुकडे ठेवून धावदोरा घालायची. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची त्यांची गोधडीही तशीच कडेकडून आत शिवत नेतात, आणि शेवटी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणांची ‘फुलं’ लावतात. हे काम मला फार प्रिय आहे. तिथे तुकडा जसा असेल तसा चालतो, कारण खाली आधाराला अख्खं कापड असतं. भिरभिऱ्याखाली शिवताना काहीच नसतं. तुकड्यांनीच एकमेकांना धरायचं असतं, म्हणून इथे सूतभर चूकही पुढच्या ओळीत दिसते.

दादाच्या बाळासाठी ३६ बाय ४८ इंचांची गोधडी करणार असशील तर ४८ भिरभिरी लागतील, म्हणजे प्रत्येक रंगाचे ९६ चौकोन. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून एका पट्टीत दहा बसतात. तेव्हा दोन्ही रंगांचं सव्वा-सव्वा मीटर घे, आटण्यासकट पुरेल. काठाचा भाग चौकोनात घेऊ नकोस, तिथली वीण घट्ट असते. सगळी भिरभिरी एकाच दिशेने फिरतात ना, हे शिवण्याआधी जमिनीवर मांडून बघ.

सगळं कापड एकदम कापू नकोस. एका भिरभिऱ्यापुरतं काप, शिव, आणि कडेच्या मायेसकट साडेसहा भरतं का ते मोजून मला कळव.

तुझी,
मावशी