पहिला काप घाईचा नको!
नवीन ट्रॅक सॉ जोडताना: शिका आणि दुसरीला शिकवा



आपल्या संघातल्या एका गटाने कर्ज घेऊन प्लायची शेल्फं बनवायचं काम धरलंय. त्यासाठी ट्रॅक सॉ, म्हणजे रुळावर चालणारी करवत मशीन आली. खोकं उघडल्यावर मीच म्हटलं, "सुतारदादांना बोलवू, ते लावून देतील." त्यावर एक मावशी म्हणाल्या, "अगं ताई, हप्ता आपण भरायचा आणि मशीन दुसऱ्याने लावायची? मग ती आपली कशी?" मला उत्तर सुचलं नाही. मग पुस्तिका उघडून आम्हीच बसलो. काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते सांगते.

मशीन कशी असते?
गोल पात्याची करवत अ‍ॅल्युमिनियमच्या रुळावर सरकते, म्हणून काप सरळ येतो. रुळाच्या कडेला रबरासारखी पट्टी असते. नव्या रुळाची पट्टी बहुधा जास्त रुंद असते. ती आपल्याच मशीनने कापून घ्यायची. मग पट्टीची कड म्हणजेच कापाची रेघ. शिवाय ती प्लाय दाबून धरते, म्हणून कपच्या कमी उडतात.

आम्ही इथेच चुकलो. मशीन रुळावर डुगडुगत होती, तशीच चालवली. पट्टी वेडीवाकडी कापली गेली आणि नवीन विकत आणावी लागली. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

जोडणीचा क्रम

1. प्लग काढा. पातं घट्ट आहे का, बाणाच्या दिशेने बसलंय का, ते हाताळण्याआधी प्लग बाहेर हवाच.

2. रूळ सरळ आहे का बघा. प्लायवर रुळाच्या कडेने रेघ मारा. रूळ उलट्या बाजूला फिरवून तीच कड रेघेच्या दोन्ही टोकांना लावा आणि पुन्हा रेघ मारा. मध्ये फट दिसली तर रूळ वाकडा आहे, बदलून घ्या.

3. डुगडुग काढा. मशीनच्या तळाला घट्ट-सैल करायच्या चाव्या असतात. मशीन सहज सरकली पाहिजे, पण आजूबाजूला हलता कामा नये.

4. आता पट्टी कापा. खाली टाकाऊ प्लाय ठेवा, रूळ क्लॅम्पने आवळा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, सावकाश मशीन न्या.

5. खोली लावा. 18 मिमी प्लाय असेल तर पातं खाली 3 ते 5 मिमी बाहेर यावं. काही मशीनच्या आकड्यांत रुळाची जाडी धरलेली असते, काहींत नसते. म्हणून तुकड्यावर कापून बघा.

6. चाचणी काप घ्या. हवा असलेला भाग रुळाखाली, टाकाऊ भाग बाहेर. पात्याच्या जाडीइतकं लाकूड भुशात जातं, ते टाकाऊ बाजूचं जायला हवं. कोपरा गुण्याने तपासा.

पुढे वेगळ्या जाडीचं पातं लावलं तर पट्टीची कड पुन्हा तपासा.

हात सलामत तर काम सलामत
पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या आणि लांब मंगळसूत्र उतरवा. सैल हातमोजे नकोत. चष्मा आणि मास्क हवाच, प्लायचा भुसा छातीत जातो. प्लायच्या दोन्ही बाजूंना खालून आधार द्या. तुकडा खचला की पातं अडकतं आणि मशीन मागे उसळते. म्हणून मशीनच्या थेट मागे नको, जरा बाजूला उभं राहा. दोन्ही हात मशीनवर, वायर मागे. पातं पूर्ण वेगात आल्यावरच खाली दाबा. फिरतं पातं कधी मागे ओढू नका. बटण सोडल्यावरही ते क्षणभर फिरतं.

आता त्या गटात दर आठवड्याला वेगळी ताई मशीन जोडते आणि बाकीच्या बघतात. परवा त्याच मावशींनी पहिला सरळ काप घेतला, गुण्या लावला आणि फक्त हसल्या.

पुढच्या बैठकीत बोला: आपल्या गटाची कोणती मशीन एकाच व्यक्तीला चालवता येते? ती उद्या आली नाही तर काम थांबेल का?

तुमची,
क्षेत्र समन्वयक