हरलेल्या डावाचा कागद

पालकहो,

लहान मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा बहुधा एखाद्या मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या सभागृहात भरतात. मुलं आत, तुम्ही बाहेर. पालकांना आत सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे. फेरी संपून दार उघडलं की सगळ्यांच्या नजरा बाहेर येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर. पहिला प्रश्न ठरलेला : "काय झालं रे?" या प्रश्नानंतरच्या दहा मिनिटांबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. मुलांना पटावर काय शिकवायचं ते आम्ही प्रशिक्षक बघून घेऊ. ती दहा मिनिटं मात्र तुमच्याच हातात असतात.

मूल हरून आलं, तर काही घरांत लगेच उलटतपासणी सुरू होते. "समोरचा कोण होता? रेटिंग किती त्याचं? चाळीस मिनिटं शिल्लक होती ना, मग घाई कसली होती?" काही घरांत सारवासारव चालते. "अहो, कालपासून सर्दी आहे त्याला. शेजारच्या टेबलावर केवढा गोंगाट! आणि तो मुलगा नऊ वर्षांखालचा वाटतो तरी का?" पहिले पालक कडक, दुसरे मायाळू, असं आपण समजतो. मला विचाराल तर दोघंही एकच करतात. मुलाची हार त्याच्याकडून काढून घेतात. पहिले तिला स्वतःची बेअब्रू मानतात आणि दुसरे ती सर्दीच्या, नाहीतर पंचांच्या नावावर खपवतात. डाव ज्याचा होता, त्याच्यापाशी काहीच राहत नाही.

"हारजीत महत्त्वाची नसते रे राजा" हे तिसरं. मुलांना हे पटत नाही, आणि का पटावं? पहाटे पाचला उठवून, डबा भरून, भाड्याची गाडी करून आपण त्याला इथवर आणलेलं असतं. महत्त्वाची नसती तर हा सगळा खटाटोप कशाला, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. हरल्यावर वाईट वाटणारच, ते वाटू द्या. रडलं तर रडू द्या. पाणी द्या, वडापाव खाऊ घाला, आणि पुढची फेरी लागेपर्यंत झालेल्या डावाचं नाव काढू नका.

आता थोडं गणित. बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. हरला म्हणून कुणी बाद होत नाही. पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेल्या खेळाडूशी गाठ पडते. समजा ६४ मुलं आहेत, ६ फेऱ्या आहेत आणि एकही डाव बरोबरीत सुटला नाही. पहिल्या फेरीनंतर न हरलेली ३२ उरतात, मग १६, ८, ४, २ आणि शेवटी एक. म्हणजे ६३ मुलं दिवसभरात कधी ना कधी हरणारच. तुमचं मूल ते एक ठरलं नाही म्हणून परतीच्या प्रवासात गाडीत शुकशुकाट, हे मला तरी विचित्र वाटतं.

आणि एक डाव गेला म्हणजे स्पर्धा गेली असंही नाही. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला महिलांची जागतिक रॅपिड स्पर्धा झाली. ११ फेऱ्यांची. भारताची कोनेरू हम्पी पहिलीच फेरी हरली. उरलेल्या १० फेऱ्यांत तिनं साडेआठ गुण मिळवले आणि विजेतेपद घेतलं. पुढे जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत हीच हम्पी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडून टायब्रेकमध्ये हरली. दिव्या तेव्हा १९ वर्षांची, हम्पी ३८ची. दिव्याचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण तुमच्या मुलीला दिव्याबद्दल सांगाल तेव्हा हम्पीबद्दलही सांगा. निम्म्या वयाच्या खेळाडूकडून सगळ्या जगासमोर हरणं सोपं नसतं.

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते एका कागदाबद्दल. दीर्घ वेळेच्या रेटिंग स्पर्धेत प्रत्येक खेळाडू आपली आणि समोरच्याची चाल नोंदपत्रिकेवर लिहीत जातो. डाव संपला की निकाल लिहून दोघं सह्या करतात. म्हणजे हरलेलं मूल स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हारीखाली सही करतं. मोठ्यांना हे इतक्या सहजी जमत नाही. या पत्रिका नुसत्या पाहूनही पुष्कळ कळतं. सुरुवातीच्या चालींचं अक्षर टपोरं, एकाखाली एक नीट. मग अठराव्या-विसाव्या चालीपाशी अक्षर तिरकं होतं, एखादी चाल खोडलेली दिसते, पुढची भलत्याच रकान्यात गेलेली असते. वजीर बहुधा तिथेच गेलेला असतो.

आमच्याकडची एक मुलगी असाच डाव हरून आली. घरी तिनं सांगितलं होतं, "त्यानं मला फसवलं." पत्रिका समोर ठेवून मी तिला डाव पटावर लावायला सांगितला. "कुठपर्यंत बरं चाललं होतं?" एवढंच विचारलं. ती भराभर सोंगट्या हलवत गेली आणि समोरच्याच्या घोड्याच्या चालीपाशी थांबली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "घोडा इथे आला, ते मी बघितलंच नाही. मी माझ्या उंटाचाच विचार करत होते." मी काही बोललो असतो, तर ते माझं वाक्य झालं असतं. हे तिचं होतं, आणि तिला ते हरलेल्या डावातच सापडलं. लहान मुलांचे बहुतेक डाव असेच जातात. समोर आणखी एक डोकं चालतं आहे, त्यालाही काहीतरी हवं आहे, हे विसरल्यामुळे. जिंकलेल्या डावातही हीच चूक असते. फक्त ती समोरच्याला दिसलेली नसते, आणि जिंकलेला डाव घरी येऊन सहसा कुणी उघडत नाही.

रेटिंगचं तेवढं सांगून टाकतो, कारण तुमची निम्मी काळजी तीच असते. १८ वर्षांखालच्या मुलांना, रेटिंग २३००च्या आत असेल तर, जागतिक संघटना दीर्घ वेळेच्या डावांसाठी ४० हा गुणक लावते. बरोबरीच्या खेळाडूकडून हरलं की २० गुण जातात आणि जिंकलं की २० येतात. लहानपणी हा आकडा झोपाळ्यासारखा वरखाली होतच राहणार. तरीही तो सांभाळण्यासाठी काही पालक मुलांना मुद्दाम हलक्या स्पर्धांना नेतात, म्हणजे चषक नक्की. घरात चषकांची रांग लागते. आणि मूल पुढे तगडा खेळाडू समोर आला की चांगल्या डावातही दहाव्या-बाराव्या चालीला बरोबरी मागायला लागतं. अशी बरोबरी मागणारं मूल पाहिलं की मला हरलेल्या मुलापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

तेव्हा पुढच्या स्पर्धेला जाल तेव्हा माझं एवढं ऐका. मूल बाहेर आलं की निकाल विचारू नका, ते आपण होऊन सांगेल. पत्रिका गाडीत चुरगळू देऊ नका, एक साधी फाइल करा आणि जिंकलेल्या-हरलेल्या सगळ्या तीत लावा. डाव उघडायचाच असेल तर संध्याकाळी उघडा, आणि सोंगट्या त्यालाच हलवू द्या. पंचांकडे तक्रार घेऊन तुम्ही जाऊ नका. आत काही चुकीचं घडतंय असं वाटलं, तर हात वर करून पंचांना बोलवायला मुलाला शिकवा. पण हे सहीच्या आधी. एकदा दोघांच्या सह्या झाल्या की निकाल सहसा बदलत नाही.